नानांची राजेळी

आमच्या सोसायटीच्या नावात ‘गार्डन’ आहे. बिल्डरने नाव ठेवलं तेव्हा जागेवर खरोखरच वाडी होती. इमारत उभी राहिली तेव्हा नाव तेवढं उरलं. वसईहून गिरीजकडे जाताना असल्या पाट्या रांगेने लागतात, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नाही. आमचं गार्डन म्हणजे जनूनानांच्या स्वयंपाकघरामागचं केळीचं एक बेट. तेही मी काढायला लावलं. म्हणजे नोटीस माझ्या हातची, सही माझी, शिक्का सोसायटीचा. नानांविषयी लिहायचं तर हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं साळसूदपणाचं वाटेल.

जनार्दन राऊत हे त्यांचं पूर्ण नाव. इमारत ज्या वाडीवर उभी आहे ती त्यांची आणि त्यांच्या दोन भावांची. विहिरीचं पाणी मचूळ व्हायला लागलं, भावांची मुलं नोकरीला लागली, वाडीत उतरायला कुणी तयार होईना. तेव्हा भावांनी बिल्डरला हो म्हटलं. एकटे नाना नाही म्हणत राहिले असते, पण त्याच वर्षी त्यांची बायको गेली आणि त्यांच्यात नाही म्हणायची ताकद उरली नाही. भावांनी आपापले फ्लॅट विकले. नाना तळमजल्यावर, मागच्या बाजूला राहिले, कारण त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच राजेळी जातीच्या केळीचं बेट होतं. बायकोने लग्न होऊन येताना वटारच्या माहेराहून त्याचा मुनवा आणला होता. मुनवा म्हणजे केळीच्या बुडाशी फुटतं ते पिल्लू. एका मुनव्याचं पुढे बेट झालं होतं.

मी राहायला आलो त्या दिवशी सामानाचा टेम्पो फाटकात अडकला होता. मी ड्रायव्हरशी हुज्जत घालत होतो. पांढरा सदरा, खाली गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी आणि हातात कोयती अशा वेषातले एक गृहस्थ पुढे आले आणि त्यांनी मला विचारलं, “कितवा माला?”

“पहिला. एकशे तीन.”

त्यांनी वर बघितलं, बोटाने हवेत काहीतरी मोजलं आणि म्हणाले, “म्हंजे तुमी फणसावर.”

मला काही कळलं नाही. मग कळलं की जिथे माझा फ्लॅट आहे तिथे त्यांचा कापा फणस होता. नाना सगळ्यांना असेच ओळखत. आडनावं त्यांच्या लक्षात राहत नसत आणि नंबरांवर त्यांचा विश्वास नव्हता. चौथ्या मजल्यावरचे मोरे विहिरीवरचे, दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिका अनंताच्या झाडावरच्या, आणि मी शेवटपर्यंत फणसावरचे तावडे. एकदा पोस्टमनला त्यांनी माझं घर याच खुणेने सांगितलं. पत्र परत गेलं.

पहिल्या सर्वसाधारण सभेला मी गैरहजर होतो, म्हणून सर्वानुमते सेक्रेटरी झालो. सोसायटीत हे पद असंच मिळतं. मी विमा कंपनीत पत्रं लिहिण्याचं काम करतो. वाक्याला कुठे फट राहू द्यायची नाही, हेच आयुष्यभर शिकलो. समितीला असा माणूस हवाच होता. आणि का कोण जाणे, नानांनाही हवा होता.

त्यांना लिहिलेल्या शब्दाची विलक्षण भूक होती. त्याला कारण होतं. करार झाला तेव्हा बिल्डर त्यांच्या ओटीवर बसून चहा पीत म्हणाला होता, “नाना, मागची पट्टी तुमचीच. तिला कोण हात लावणार?” नानांनी मान डोलावली आणि सही केली. नंतर कागद नीट वाचले तर मागची पट्टी सोसायटीची मोकळी जागा निघाली. तेव्हापासून त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे, “तोंडचं वाऱ्यावर जाते, लिवलेलं भिंतीवर ऱ्हाते.” मग ते प्रत्येक गोष्टीला अर्ज करू लागले. नळाची चकती बदलायची, अर्ज. दारावर तोरण बांधायचं, अर्ज. वहीच्या पानावर, समास सोडून, खाली ‘आपला आज्ञाधारक’ लिहून. एकदा जिन्यापाशी संध्याकाळी बसायला खुर्ची ठेवू का, म्हणून अर्ज दिला. समितीत चर्चा झाली. एकाने खुर्ची ठेवली तर उद्या दहा जण ठेवतील, असं ठरलं, आणि मी तसं लेखी कळवलं. नाना पायरीवर वर्तमानपत्र पसरून बसू लागले. राग वगैरे काही नाही. उलट माझं उत्तर त्यांनी घडी करून देव्हाऱ्याखालच्या फळीवर, इतर कागदांत ठेवलं होतं. मी पाहिलं आहे.

आता तो ठराव. पहिल्या वर्षी विहिरीवरच्या मोऱ्यांनी गाडी घेतली आणि मोकळ्या जागेत चार खांब ठोकून वर पत्रे टाकले. मोरे वाईट माणूस नव्हे. पहाटे सहाला घर सोडणारा, म्हाताऱ्या आईला गाडीत घालून डॉक्टरकडे नेणारा सरळमार्गी माणूस. आई उन्हात तापलेल्या गाडीत बसू शकत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. पण पत्र्याचा एक खांब राजेळीपासून हातभर अंतरावर आला आणि नानांची झोप उडाली. आज पत्रा, उद्या भिंत, परवा बेट गेलं. ते माझ्याकडे आले.

“तावडे, येक नियम लिवा. मोकळ्या जागेत कोनी शेड बांदायची नाय.”

मी लिहायला बसलो. आणि इथे माझ्यातला विम्याचा माणूस जागा झाला. नुसती शेड लिहिली तर उद्या कुणी टाकी ठेवेल, कुणी कपाट ठेवेल. वाक्यात फट राहता कामा नये. मी लिहिलं, ‘सोसायटीच्या मोकळ्या जागेत कोणत्याही सभासदाचे कोणत्याही प्रकारचे खाजगी बांधकाम, वस्तू अथवा लागवड असणार नाही.’ लागवड हा शब्द कुठून आला म्हणाल तर लेखणीच्या ओघात आला. तेव्हा मला राजेळी आठवली नाही. खरं सांगायचं तर ती कुणाच्या मालकीची आहे, असं तोवर कुणालाच वाटलं नव्हतं. ती तिथे होती, आकाश असतं तशी.

नानांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. प्रत्येक ‘कोणत्याही’ला त्यांची मान हलत होती. “जोरदार लिवलं,” ते म्हणाले. त्यांनाही राजेळी आठवली नाही. नियम म्हणजे बाहेरून आलेल्यांसाठी असतो, जो जागेवरच उगवला त्याला कसला नियम, हे त्यांच्या मनात इतकं पक्कं होतं की शंकाही आली नाही. सूचक म्हणून त्यांनीच सही केली, मोठी, ठसठशीत, ‘र’ खाली ओढलेली. मोऱ्यांनी मुकाट्याने पत्रे उतरवले. त्या दिवशी नाना एवढे खूश होते की त्यांनी मला केळफूल आणून दिलं आणि ते निवडायचं कसं हे माझ्या बायकोला तासभर शिकवलं.

राजेळीची केळी पिकली की नाना सुकेळी करत. वसईकडची ही जुनी चाल आहे. पिकलेली राजेळी सोलून आठवडाभर उन्हात वाळवायची, रोज संध्याकाळी आत घ्यायची, सकाळी पुन्हा मांडायची, आणि मधासारखा रंग आला की वाळलेल्या केळीच्या पानात गुंडाळून ठेवायची. पहिल्या वर्षी त्यांनी ती गच्चीवर वाळवली. स्वतः छत्री घेऊन शेजारी बसत, कावळे हाकत. इमारतीतल्या प्रत्येक दारात चार-चार सुकेळ्यांची पुडी गेली. मोऱ्यांच्याही. मोऱ्यांच्या आईने पुडी हुंगली आणि म्हणाली, “असं गोड मी लहानपणानंतर खाल्लं नाही.”

पण गच्चीला वॉटरप्रूफिंग झालं आणि नियम आला, गच्चीवर वाळवण घालू नये. नानांनी अर्ज केला, आठ दिवसांपुरता. मी नियमाचा क्रमांक घालून नकार कळवला. खिडकीच्या ग्रीलवर मांडली तर ग्रीलचा नियम आडवा आला. मग त्यांनी ती घरात, पंख्याखाली, पलंगावर धोतर पसरून मांडली. पंख्याच्या वाऱ्याने कुठे सुकेळी होतात? तिसऱ्या दिवशी आंबली. त्या वर्षी कुणाच्या दारात पुडी गेली नाही. नाना माझ्याकडे आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, “औंदा जमलं नाय. माफी करा.” माफी त्यांनी मागितली. मी म्हटलं, “चालायचंच, नाना.” अजून ते वाक्य आठवलं की मला माझी लाज वाटते.

नाना म्हणत, “केळ मरत नाय. बाजूला सरकते.” एक खोड घड देऊन संपलं की त्याच्या बुडाशी मुनवा उभा असतो, म्हणून बेट दरवर्षी वीतभर चालतं. वाडीत ते चालायला मोकळं होतं. इथे चालता चालता ते गटाराच्या चेंबरपाशी पोचलं. त्याच सुमाराला तळमजल्यावर ओल आली. प्लंबर आला, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, “केळीची मुळं.” प्लंबरने एकदा निदान केलं की कोण दुसरं मत घेतो? त्यातच सगळ्या मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरत होतं. गाड्या वाढल्या होत्या, चिखल होत होता. मोऱ्यांनी सभेत विचारलं, “मोकळ्या जागेत लागवड नाही, असा आपला ठराव आहे ना?” त्यांच्या बोलण्यात खुन्नस नव्हती. त्यांना ठराव आठवत होता, इतकंच. ज्याचे पत्रे उतरतात त्याला आठवतोच.

सभा पार्किंगमध्ये होती, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. कुणीच नानांकडे पाहिलं नाही. आपण मुद्दाम पाहत नाही, तसं पाहिलं नाही.

“नाना, तुमचं काही म्हणणं?” मी विचारलं.

“ठराव वाचा.”

मी वाचला. दोन्ही ‘कोणत्याही’ पार्किंगमध्ये घुमले.

“सूचक कोन?”

“तुम्ही.”

“सही हाय?”

मी वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा काढून, वही डोळ्यांजवळ नेऊन आपली सही बघितली. त्या ‘र’वरून अंगठा फिरवला. मग वही परत दिली आणि म्हणाले, “मंग माजं कसलं म्हननं? लिवलेलं हाय.” मी बेट काढण्याचा प्रस्ताव मताला टाकला. हात वर झाले. नानांचाही झाला. मी लिहिलं, ‘सर्वानुमते मंजूर.’ मला थांबता आलं असतं. ‘लागवड’ हा शब्द माझा आहे, नानांनी शेड म्हटलं होतं, एवढं बोललो असतो तरी पुरे होतं. पण वाक्य बिनचूक होतं आणि त्यावर वीस घरांचे हात वर होते.

सभा उठल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. “येक सांगू? लोंगर बाहेर पडलाय. आर्धाच भरलाय. दोन म्हयने द्या. उतरवतो, मंग मीच काडतो.” लोंगर म्हणजे केळीचा घड. मी म्हटलं, “बघतो.” मराठीत ‘बघतो’ म्हणजे काय, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? पेव्हर ब्लॉकच्या ठेकेदाराने पुढच्या सोमवारची तारीख दिली होती, ती टळली असती तर तो तीन महिने मिळणार नव्हता. मी रविवारी सकाळी नोटीस नानांच्या दाराला चिकटवली. बेल वाजवली नाही.

पण ठेकेदाराच्या माणसांना त्यांनी हात लावू दिला नाही. रविवारीच दुपारी कोयतीचा आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं. आधी त्यांनी घड उतरवला, दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल उचलावं तसा. मग एकेक खोड आडवं केलं. मोठं, मधलं, लहान. एक मुनवा तेवढा खणून बादलीत ठेवला. कुदळीने गड्डा उकरला आणि खड्डा पुन्हा सारखा केला, पायाने दाबून. माणसांना सोमवारी काही काम उरू नये, असं सगळं स्वच्छ.

संध्याकाळी प्रत्येक दारात कच्च्या केळ्यांची अर्धी फणी होती. हिरवी, कोवळी, बोटाएवढी केळी. पिकण्यासारखी नव्हती, सुकेळी तर दूरच. कुणी टाकली नाहीत, एवढं आम्हां सगळ्यांच्या बाजूने सांगता येईल. दुसऱ्या दिवशी वीसच्या वीस घरांत एकच भाजी होती. ती तुरट लागली. माझ्या बायकोने ताट बाजूला सारलं आणि माझ्याशी त्या दिवशी बोलली नाही.

पेव्हर ब्लॉक बसले. राजेळीच्या जागेवर मोऱ्यांची गाडी उभी राहू लागली. रोज कामाला निघताना मी तिथे वाकून ब्लॉकांच्या फटीत बघायचो. केळ मरत नाही, बाजूला सरकते, हे मीही ऐकलं होतं ना? एखादं हिरवं टोक, काहीही. वर्षभर बघितलं. काही फुटलं नाही. नाना कुठलंही काम अर्धवट करणारे नव्हते, गड्डा त्यांनी मुळापासून काढला होता. आणि ओल तशीच राहिली. पुढे दुसऱ्या प्लंबरने ती चौथ्या मजल्यावरच्या, मोऱ्यांच्याच पाइपातली म्हणून शोधून काढली. मोऱ्यांना फार लागलं. ते नानांकडे गेले होते म्हणे. नाना म्हणाले, “तुमी काय केलं? लिवलेलं होतं.” त्यांनी असं सगळ्यांनाच सोडून दिलं, हे काही बरं केलं नाही. दोन शिव्या घातल्या असत्या तर आम्ही हलके झालो असतो.

मग त्यांची लेक सुनीता त्यांना विरारला घेऊन गेली. फ्लॅट विकायचं ठरलं. त्याच्या कागदांवर नानांची सही हवी होती, ती आणायला मी गेलो. मोठी वसाहत, सातवा मजला, लिफ्टपाशी काचेच्या फळ्यावर नियमांची यादी. सवयीने मी ती वाचली. ‘बाल्कनीत कुंड्या, बादल्या वा अन्य वस्तू ठेवू नयेत.’ चांगलं लिहिलं होतं. फट नव्हती.

नाना बाल्कनीत पाटावर बसले होते. चड्डी जाऊन पायजमा आला होता आणि दाढी वाढली होती. “या, फणसावरचे,” ते म्हणाले. त्यांच्या शेजारी बादली होती. तोच मुनवा. बाल्कनी उत्तरेची, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, ऊन बादलीपर्यंत येत नसावं. मुनव्याचं पान तपकिरी होऊन काठावर लोंबत होतं. खोड काळं पडलं होतं आणि कुजका वास येत होता. तो मेला होता. केळीतलं मला काही कळत नाही, पण मेलेलं कळतं. आणि मला कळलं ते नानांना कळलं नसेल, असं कसं म्हणू?

सुनीता चहा घेऊन आली आणि हळूच म्हणाली, “काका, सोसायटीवाले दोनदा येऊन गेले. बादली काढा म्हणतात. नाना ऐकत नाहीत.”

“ऐकत नाय असं कसं?” नाना म्हणाले. “अर्ज करतो म्हटलं ना. तावडे, तुमी लिवा. तुमी चांगलं लिवता.”

“नाना,” मी म्हटलं, “हे…” मग बादलीकडे बघत म्हटलं, “दुसरा मुनवा वटारहून आणू या का?”

“वटारला कोन हाय? तितं पन बिल्डरची पाटी लागली.” त्यांनी वही आणि पेन पुढे केलं. “लिवा.”

मी लिहिलं. ‘विषय: बाल्कनीत बादलीमध्ये केळीचे एक रोप ठेवण्यास परवानगी मिळणेबाबत.’ खाली चार ओळी. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी वाक्यात जिथे जमेल तिथे फट ठेवली. त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं. ‘जोरदार’ वगैरे म्हणाले नाहीत. सही केली. ‘र’ आता खाली ओढला जात नव्हता, मधेच थांबत होता. मग फ्लॅटच्या कागदांवरही केली, न वाचता.

मी निघालो तेव्हा ते उठून दारापर्यंत आले नाहीत. मगाने बादलीत पाणी घालत होते, जपून, खोडाला लागू नये असं कडेकडेने. मी चपला घालत होतो. तिथूनच त्यांनी विचारलं, “उत्तर येईपर्यंत ठेवली तर चालंल ना?”

“चालेल, नाना,” मी म्हटलं.

इतक्या वर्षांत मी त्यांना दिलेली ती पहिली परवानगी. आणि ती सोसायटी माझी नव्हती.